‘एसी २४ वर, उशाशी २८’: एक स्टार दिलेल्या ग्राहकाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. आपलं फोनवर बोलणं झालंच आहे, पण तुम्ही जाहीर लिहिलंत तेव्हा उत्तरही इथंच देतो. परभणीत असाच सेटअप (उशाशी तापमान मोजणारा वायरलेस सेन्सर, आणि त्याच्या आकड्यावरून एसीला रिमोटसारखा हुकूम देणारी छोटी डबी) घ्यायचा विचार करणारे बाकीचे लोकही हे वाचतात.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एसी २४ दाखवतो आणि आमचा वायरलेस सेन्सर २८, म्हणजे सेन्सर बोगस. लाईट जाऊन आली की सेन्सर ‘ऑफलाइन’ होतो. सेल तीन महिन्यांत संपला. ॲपमध्ये एसी बंद दिसतो आणि खोलीत चालू असतो. आणि जर्मनीत मुलाच्या घरी आहे तसा थर्मोस्टॅट (तापमान बघून यंत्राला हुकूम देणारं उपकरण) द्यायचं सोडून आम्ही काडेपेटीएवढी डबी चिकटवून पैसे घेऊन गेलो.

आधी २४ आणि २८ चं बघू, कारण खरी नाराजी तिथंच आहे. एसीच्या तोंडावर दिसणारा २४ हा खोलीचा आकडा नाही. तो तुम्ही रिमोटने दिलेला हुकूम आहे. (१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे रूम एसी मुळातच २४ वर सेट होऊन यावेत असा नियम आहे. त्यामुळे तो आकडा मोजलेला आहे असं पुष्कळांना वाटतं.) मोजायचं काम करतो तो एसीच्या आत, हवा ओढणाऱ्या जाळीपाशी बसवलेला बारका थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा तुकडा. तो छताजवळ आहे, तुम्ही पलंगावर. शिवाय तुमच्या बेडरूममध्ये एसीच्या अगदी समोर लॉफ्ट आहे. थंड हवा त्याला थडकते आणि खाली न उतरता परत जाळीत शिरते. एसीला वाटतं खोली गार झाली, कॉम्प्रेसर मंदावतो. इकडे पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब अर्धी रात्र उलटली तरी उष्णता सोडत असतो. संध्याकाळी गच्चीवर अनवाणी गेलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा उशाशी २८ असणं अगदी शक्य आहे. रात्री उकडतं, एसी असून झोप लागत नाही, हे सांगतच तुम्ही दुकानात आला होतात. सेन्सर तेच आकड्यात सांगतोय. तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका. भिंतीवर लावायचा एखादा साधा थर्मामीटर आणून सेन्सरला लागून अर्धा तास ठेवा. अर्ध्या-एक अंशापेक्षा जास्त फरक आला तर सेन्सर बदलून देतो, विनातक्रार.

आता हा आकडा सिस्टीम वापरते कशी, ते. उशाशी २८ च्या वर गेलं की ती डबी एसीला २२ चा हुकूम देते, आणि साडेसव्वीसच्या खाली आलं की २६ चा. म्हणजे थर्मोस्टॅटचं डोकं एसीच्या जाळीतून काढून पलंगापाशी आणलंय. मधलं दीड अंशाचं अंतर मुद्दाम ठेवलंय, नाहीतर रात्रभर हुकूम बदलत बसतील. तुमचा एसी इन्व्हर्टर एसी आहे, तो सारखा बंद-चालू करणं बरं नाही, म्हणून फक्त तापमान खाली-वर करतो. रिव्ह्यूत तुम्ही ‘मधूनच आपोआप २२ होतं, काहीतरी बिघाड आहे’ असं लिहिलंय. तो बिघाड नाही, त्याचेच तुम्ही पैसे दिलेत!

ऑफलाइन आणि सेल या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. हा सेन्सर झिग्बीवर, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या वायरलेस पद्धतीवर चालतो. बटण सेलवर दीड-दोन वर्षं निघावीत म्हणून तो बहुतेक वेळ झोपलेला असतो, जागा होतो, आकडा पाठवतो, परत झोपतो. त्याचा आवाज लांब जात नाही. म्हणून मध्ये विजेवर चालणारं एखादं झिग्बीचंच उपकरण लागतं, जे त्याचा निरोप पुढे हबपर्यंत, म्हणजे सगळे निरोप गोळा करणाऱ्या मुख्य यंत्रापर्यंत पोचवतं. तुमच्याकडे ते काम पॅसेजमधला स्मार्ट प्लग करायचा. रिव्ह्यूसोबतच्या फोटोत त्या जागी मोबाईलचा चार्जर दिसतोय. प्लग गेला की सेन्सरला दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून थेट हॉलमधल्या हबशी बोलावं लागतं. जमलं नाही की तो पुन्हा पुन्हा हाका मारतो, आणि त्या हाका मारण्यातच सेल संपतो. त्यात हबही टीव्हीच्या मागे वायफाय राउटरला चिकटून ठेवलेला दिसतोय. वायफाय आणि झिग्बी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राउटरच्या गोंगाटात सेन्सरचा बारीक आवाज बुडतो. आम्ही हब लांब वायरवर शोकेसच्या वर ठेवला होता तो याचसाठी. वायर दिसायला वाईट दिसते हे मान्य, वहिनींनी ती हलवली असेल तर त्यांनाही दोष नाही.

लाईट जाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे ती जाणारच. तुमच्या घरातल्या इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि हॉलमधला टीव्हीचा पॉइंट आहे. हब त्यावर आहे, पॅसेजचा पॉइंट नाही. निरोप पोचवणारा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला की लाईट गेल्याचं सेन्सरला कळणारसुद्धा नाही.

ॲपमध्ये बंद आणि खोलीत चालू, ही मात्र या पद्धतीची मर्यादाच आहे. डबी एसीला रिमोटसारखाच इन्फ्रारेड किरण पाठवते, एसी उलट काही बोलत नाही. हातातल्या रिमोटने कुणी एसी चालू केला तर सिस्टीमला पत्ता लागत नाही. यावर उपाय म्हणजे वीज मोजणारा १६ अँपिअरचा प्लग, एसी किती वॅट ओढतोय त्यावरून चालू-बंद कळतं. तो कोटेशनमध्ये होता. बजेटसाठी तुम्ही काढायला सांगितलात, आम्ही काढला.

जर्मनीचं म्हणाल तर, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो, पण तिथलं यंत्र इथं बसत नाही. तिकडे घराघरात गरम पाण्याचे रेडिएटर असतात. त्यांच्या व्हॉल्व्हवर थर्मोस्टॅटचं डोकं बसवतात, ते पाणी कमी-जास्त सोडतं. भिंतीवरचं असेल तर ते त्या हीटिंगलाच हुकूम देतं. आपल्या स्प्लिट एसीला असा व्हॉल्व्हही नाही आणि तसला थर्मोस्टॅट जोडायला तुमच्या मॉडेलला टर्मिनलही नाही. तो चकचकीत गोल थर्मोस्टॅट विकायला मलाही आवडलं असतं, नफा त्यातच जास्त आहे. पण तो तुमच्या भिंतीवर नुसता शोभेला राहिला असता.

आता पुढचं. शनिवारी सकाळी आमचा माणूस येईल. हब राउटरपासून लांब, पण नजरेला खुपणार नाही अशा जागी घेईल, निरोप्या प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावेल, सेन्सरला नवा सेल टाकेल. याचे पैसे नाहीत. १६ अँपिअरचा प्लग सोबत देतो, पंधरा दिवस वापरून बघा, उपयोग वाटला तरच बिल करू. एसीच्या झडपा लॉफ्टखालून हवा जाईल अशा बसतात का तेही बघून घेऊ, कदाचित निम्मा प्रश्न तिथंच सुटेल. एवढं करून मे महिना नीट गेला नाही तर सगळं सामान परत घेऊन पैसे देईन. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही.

शनिवारी फक्त वायफायचा पासवर्ड माहीत असलेलं कुणीतरी घरी असू द्या. मागच्या वेळी त्यासाठी जर्मनीला फोन लावावा लागला होता.