उपयोग काय, काका?

सांगलीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर परवा काकांनी बातमी टाकली: कुठल्याशा संस्थेत कोट्यवधींचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येतोय. खाली त्यांची टीप, ‘एवढ्या पैशात किती शाळांवर पत्रे चढले असते. प्रोटीनचे फोटो काढून सामान्य माणसाला उपयोग काय?’ लगेच पटापट अंगठे. मी इथे जर्मनीत, ग्योटिंगेनला, त्याच फोटोंवर पोट भरते, हे अंगठेवाल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

उपयोगाचंच बोलायचं तर ऐका. १९८१च्या सुमारास जर्मनीतल्याच हायडेलबर्गला ज्याक दुबोशे नावाचे शास्त्रज्ञ साध्या पाण्याच्या मागे हात धुऊन लागले होते. पाणी गोठताना स्फटिक होतात, ते प्रोटीनची वाट लावतात आणि चित्रही बिघडवतात. तर ते होऊच द्यायचे नाहीत, एवढाच ध्यास. आज मी तेच करते. तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी चिमट्यात धरायची, तिच्यावर थेंब सोडायचा, टिपकागदाने तो जवळजवळ सगळा टिपून घ्यायचा आणि उरलेल्या पातळ थरासकट जाळी द्रवरूप इथेनमध्ये सटकन बुडवायची. स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, पाणी काचेसारखं थिजतं. पुढची सगळी हाताळणी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, आणि मग ते थिजलेलं प्रोटीन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. याचंच नाव क्रायो-ईएम. मास्क विसरलात तर आपल्याच श्वासाची वाफ जाळीवर बर्फ होऊन बसते आणि दिवस पाण्यात.

दुबोशेंना नोबेल मिळालं २०१७ला. फेब्रुवारी २०२०मध्ये कोरोना विषाणूच्या काट्याची, म्हणजे स्पाइक प्रोटीनची, रचना टेक्सासात याच तंत्राने निघाली, आणि दोन जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल घालून पक्का केलेल्या काट्याची कृती फायझर-मॉडर्नाच्या लशींत गेली. (काकांनी घेतली ती कोविशील्ड, तिच्यात ही युक्ती नव्हती. ग्रुपवर मी हे लिहिलं नाही.)

जर्मनी संशोधनावर जीडीपीच्या तीन टक्क्यांहून जास्त खर्च करते, आपण ०.६४ (२०२०-२१चा आकडा). तरी पत्र्यांचा हिशेब आपल्याकडेच होतो! २०२०मध्ये इथे ग्योटिंगेनमध्ये अपोफेरिटिन नावाच्या प्रोटीनचे अणू सुटे सुटे दिसले, तेव्हा कुणी उपयोग विचारला नाही. अर्थात कौतुकही कुणी केलं नाही. बेकरीतल्या बाईंना आमची संस्था बसच्या थांब्यापुरती माहीत आहे.

आणि गंमत बघा. इथे प्रोटीनचं मॉडेल तयार झालं की ते रामचंद्रन प्लॉटवर तपासतात. १९६३, मद्रास विद्यापीठ. प्रोटीनच्या साखळीचे कुठले कोन शक्य, कुठले अशक्य, हे जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी कोट्यवधींच्या यंत्राशिवाय मांडलं. आमच्याकडची पोरं ‘रामाखांद्रान’ म्हणतात. मी दर वेळी सुधारते, जरा जास्तच ठसक्यात. ग्रुपवर ते नाव टाकलं, तर काकांनी विचारलं, कोण हे?

डॉक्टरेटनंतर इथल्या विद्यापीठांत तात्पुरत्या कराराची सहसा सहा वर्षं, मग कायम जागा नाहीतर रस्ता. हा कायदाच आहे. माझी त्यातली बरीच सरली. आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतल्या, बाई कराराची तारीख बघून तेवढ्याच मुदतीचा राहण्याचा परवाना देतात; मी तिथे काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. काका निदान विचारतात. बंगळुरूच्या क्रायो-ईएम केंद्राची जाहिरात निघाली की मी उघडते, पगार वाचते, क्वार्टर्स आहेत का बघते आणि बंद करते. काकांना हे कळलं, तर पुढचा प्रश्न कोणता येईल ते मला माहीत आहे. म्हणून तर पत्र्यांवरच भांडत बसते.