‘मुलांना अजून मागे नेऊ नका’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमच्या कमेंटला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरात दोन दिवस माझी तीच टकळी चालू होती तर बायको म्हणाली एकदाचं लिहून मोकळे व्हा, म्हणून लिहितोय. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी नवशिक्या पोरांसाठी पायथॉन ही भाषा आणि तिच्यासोबत येणारं, खिडक्या-बटणं बनवायचं टीकेइंटर घेऊन छोटी छोटी डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन्स बनवायची मालिका लिहितोय. भाऊंचं म्हणणं असं की डेस्कटॉपचा जमाना संपला, नोकऱ्या सगळ्या वेबमध्ये आहेत, टीकेइंटर दिसायला नव्वद सालातलं वाटतं, माझ्या कोडमध्ये ग्लोबल व्हेरिएबल्स (प्रोग्रॅममध्ये कुठूनही बदलता येणारी) फार आहेत, कोड चालवला तर एरर येते, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "खान्देशातली मुलं आधीच मागे आहेत, त्यांना अजून मागे नेऊ नका."

पहिले ते दिसण्याचं. मान्य, एकदम मान्य. टीकेइंटर ज्याच्यावर उभं आहे ते टीके जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कलीत असताना १९९१ च्या सुमारास आणलं, ते तसं दिसणारच. त्यातलीच नव्या रूपाची बटणं, म्हणजे टीटीके, वापरलं की थोडं बरं दिसतं. तेवढं तुमचं बरोबर आहे.

पण ते शेवटचं वाक्य. हे टाइप करताना काहीच वाटलं नाही का हो? मुद्दा मांडायला माझी ना नाही, पण ही काय बोलायची पद्धत? पोरं मागे आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही चोपड्याच्या, रावेरच्या, साक्रीच्या किती पोरांना शिकवलंय? मी शिकवतोय, रोज संध्याकाळी, लाइट असली तर.

आणि मागे मागे म्हणताय तर ऐका. मी जळगावात कॉलेजला होतो तेव्हा एका पीसीसमोर तीन तीन जण बसायचो, लोडशेडिंग अशी की फ्लॉपीवर सेव्ह करायच्या आधीच स्क्रीन काळी. तेव्हा व्हीबी सिक्स होतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक. फॉर्मवर बटण ओढून ठेवा, त्यावर डबल क्लिक करा, कोड लिहायची जागा समोर. त्यात मी यावलला मामांच्या कृषी सेवा केंद्रासाठी उधारीचा प्रोग्रॅम लिहिला. आपल्याकडे खत-बियाणं उधारीवर जातं आणि कापूस किंवा केळी विकली गेली की पैसे येतात हे तुम्हाला माहिती असेलच, नसेल तर विचारा. मायक्रोसॉफ्टने व्हीबी सिक्सचा सपोर्ट २००८ मध्ये बंद केला, मामांनी काही केला नाही. त्यानंतर त्यांनी दोनदा कॉम्प्युटर बदलला, प्रोग्रॅम चालूच. पुढे मी पुण्यात वेबवरच नोकरी केली, हो, वेबवरच, आणि जावास्क्रिप्टमधलं ऑनक्लिक पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कोणाला काही विचारावं लागलं नाही. बटण दाबलं की आपलं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, चालतं, तोपर्यंत प्रोग्रॅम गुपचूप वाट बघत बसतो, ही गोष्ट मला व्हीबीनेच शिकवली होती. मग मी मागे गेलो का पुढे, तुम्हीच सांगा.

आता आमच्या क्लासात काय चालतं ते बघा. रावेरकडचा एक पोरगा आहे, घरी केळी. त्याने केळीच्या हिशोबाची विंडो बनवली, वजन, भाव, हमाली, खाली एक बटण. पहिल्यांदा रन केल्यावर ओरडला, "सर, खिडकी उनी!" (म्हणजे आली) अख्खा क्लास गोळा. दोन गाड्यांचं वजन टाकलं, १८ क्विंटल आणि ५ क्विंटल, बेरीज आली १८५. पोरं हसून लोळायची बाकी. आता त्याला कोणी सांगायची गरज उरली नाही की चौकटीत टाइप केलेलं काहीही पायथॉनकडे अक्षरं म्हणूनच येतं, आकडा पाहिजे तर फ्लोट करून घ्यावा लागतो. स्ट्रिंग आणि नंबरमधला फरक मी फळ्यावर कितीही वेळा लिहिला असता तर त्याच्या डोक्यात शिरला नसता, १८५ क्विंटल केळी बघून शिरला.

दुसरी गोष्ट, बटणाला कमांड देताना फंक्शनच्या नावापुढे कंस टाकायचा. सगळे टाकतात. मग विंडो उघडता उघडताच हिशोब होऊन जातो, आणि बटण दाबलं की काहीच नाही, कारण बटणाला फंक्शन मिळतच नाही, त्याचं उत्तर मिळतं, म्हणजे नन, पायथॉनचं ‘काही नाही’. कंस काढला की चालू. फंक्शन बोलावणं वेगळं आणि नुसतं त्याचं नाव हातात देणं वेगळं, हे तिथे समजतं, आणि तुमच्या त्या लाडक्या जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅडइव्हेंटलिसनर लिहिताना, म्हणजे बटणाला फंक्शन जोडतानाही हीच चूक होते, हेच समजावं लागतं. तर फुकट काय गेलं?

आणि नेट. पायथॉनचा विंडोजवरचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेऊन गेलो की टीकेइंटर त्यातच आहे, माहिती एका फाइलीत साठवणारं एसक्यूलाइट त्यातच आहे, पुढे महिनाभर नेट नसलं तरी चालतं. तुम्ही म्हणाल एचटीएमएलची फाइलही नेटशिवाय उघडते. उघडते, माहिती आहे मला. पण उधारी साठवायची म्हटलं की सर्व्हर आला, होस्टिंग आलं, जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवायचं एनपीएम आलं, आणि चूक नक्की कुठे झाली हे शोधण्यात त्या पोराचा आठवडा. पहिल्या महिन्यात चूक त्याच्या तीस ओळीतच सापडली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी माझा वेबशी काही दावा नाही.

जमाना संपला म्हणताय तर जळगावच्या कोणत्याही व्यापाऱ्याच्या गादीवर जाऊन बघा, टॅली चालू असते. तुम्ही स्वतः कोड लिहायला व्हीएस कोड उघडत असाल. आतून वेब आहे, वेबच्या कोडला डेस्कटॉपची खिडकी देणारं इलेक्ट्रॉन आहे, वगैरे सांगू नका, डबल क्लिक केलं की विंडोच उघडते ना?

नोकरीचं म्हणाल तर पाळण्यातल्या पोराला कोणी बायोडाटा मागत नाही. ग्लोबल व्हेरिएबल्सवर कधीतरी वेगळं लिहीन, आत्ता पायथॉनमधला ‘क्लास’ (डेटा आणि फंक्शन्स एकत्र बांधायची पद्धत) कसा लिहायचा हे पोरांना आलेलं नाही आणि मला त्यांना पळवून लावायचं नाही. बाकीचे मुद्दे सोडून देतो, सगळ्याला उत्तरं देत बसलो तर पुढचा भाग राहील.

पुढचा भाग एसक्यूलाइटचा आहे, रविवारी टाकतोय, त्यात तोच केळीचा हिशोब साठवून ठेवायचा आहे. वाचा, आणि कोड एकदा चालवून मग काय ते लिहा. गेल्या वेळी चालवला नव्हता हे दिसतंय, कारण तुम्ही ज्या एररबद्दल लिहिलंय ती पायथॉन टू मध्ये येते आणि पायथॉन टू चा सपोर्ट २०२० मध्येच संपलाय.