मागच्या क्राउनमध्ये इंजिन ऑइल चालत नाही

आर्वी-पुलगावकडच्या पिकअपवाल्यांत मेसेज फिरतो आहे: जुन्या गाडीच्या क्राउनमध्ये, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गियरच्या डब्यात (डिफरेन्शियल), इंजिन ऑइल टाकलं तरी चालतं. नाही चालत. त्यातल्या क्राउन आणि पिनियन या दोन गियरचे दाते एकमेकांवर घसरत, प्रचंड दाबाखाली फिरतात. तो दाब झेलायला गियर ऑइलच लागतं. बहुतेक पिकअपना जीएल-५ दर्जाचं (जास्त दाब झेलणारं), ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० जाडीचं. नेमकं कोणतं, ते गाडीच्या पुस्तकात बघा. कापसाच्या हंगामात आपण गाडी ठासून भरतो, तेव्हा तर दाते लवकर झिजतात.

आणि भाऊ, हे तेल बदलताना आधी क्राउनचा वरचा, तेल भरायचा नट सुटतो का ते बघा, मगच खालचा, तेल काढायचा खोला. वरचा जाम निघाला तर तेल काढलेली गाडी जागीच अडकते. खालच्या नटाच्या चुंबकावर करडा बारीक चिखल दिसला तर घाबरू नका. लोखंडाचे तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवा. गाडी सपाट जागी ठेवून, वरच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा.