शार्क नव्हे, नांगर!
समुद्राखालून इंटरनेट नेणाऱ्या केबलवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात केबल कुरतडणाऱ्या शार्कला जरा जास्तच भाव दिलाय. जगभरात वर्षाला दीड-दोनशे वेळा समुद्राखालच्या केबल बिघडतात, त्यातल्या बहुतेक बोटींच्या नांगरामुळे नाहीतर मासेमारीच्या जाळ्यांमुळे.

३० जानेवारी २००८ आठवतंय का कुणाला? इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि इकडे पुण्यात आमच्या ऑफिसात एक मेल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. साहेब आपले राउटर बंद-चालू करत बसलेले!

दुरुस्तीचं मात्र एका ओळीत उरकलंत, खरी गंमत तर तिथेच आहे. जहाज येतं, लांबलचक दोराला बांधलेला लोखंडी गळ तळावरून फरफटत नेतं, केबल अडकली की वर ओढतं. मग केसाएवढ्या काचेच्या तंतूंची टोकं वितळवून एकेक जोडायची. खोल समुद्रात अख्खी केबल बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते, बरं का.

आमच्या मेहुण्यांना अजून वाटतं, सगळं सॅटेलाइटवरून येतं. खंडाखंडांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा पाण्याखालूनच जातो. त्यांना एकदा वर्सोव्याच्या चौपाटीवर नेणार आहे. तिथेच तर या केबल किनाऱ्याला लागतात.