सोसायटीचा मेल सर्व्हर

सोसायटीला फुकटचा मेल आयडी शोभत नाही, स्वतःचं डोमेन, स्वतःचा सर्व्हर हवा, असा ठराव वार्षिक सभेत चहाआधी पास झाला आणि चहा संपायच्या आत माझ्या गळ्यात पडला. आयटीवाल्याने सभेला जाऊच नये.

आधी मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची निवड. सेंडमेल 1983 पासून आहे, पण त्याच्या सेटिंगसाठी एम-फोर नावाची वेगळीच भाषा शिकावी लागते. माझं वय झालं. क्यूमेलच्या कर्त्याने 1997 मध्ये सुरक्षेतली खोट दाखवणाऱ्याला 500 डॉलरचं बक्षीस लावलं होतं. माणूस पक्का, पण मूळ क्यूमेल 1998 नंतर पुढे सरकलंच नाही. शेवटी वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं पोस्टफिक्स घेतलं.

मग कळतं, की पोस्टफिक्स मेल फक्त घेतं आणि पुढे धाडतं. पेटीतला मेल वाचायला डव्हकॉट लागतं. तो ब्राउझरमध्ये दिसायला राउंडक्यूब, राउंडक्यूबला पीएचपी आणि डेटाबेस, आणि पीएचपीला नेमकं तेच एक्स्टेन्शन, जे आपण टाकलेलं नसतं. एवढं सगळं जुळवून लॉगिनचं पान उघडलं, तेव्हा खजिनदार काकू म्हणाल्या, "छान आहे रे, रंग बदलता येतो का?"

पहिला मेल गेला तो थेट स्पॅममध्ये. मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पलीकडच्याला पटवायला एसपीएफ लावा, डीकेआयएम लावा, डीमार्क लावा. डीकेआयएमची 2048 बिटांची चावी डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीच्या, 255 अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून ती तोडून अवतरणचिन्हांत लिहायची. आमच्या डीएनएसवाल्याचं पॅनल 'सेव्ह' दाबताच ती चिन्हं गिळून मोकळं. सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून, नाव सांगणारं रिव्हर्स डीएनएस तर होस्टिंगवाल्यानेच लावायचं असतं. त्यांना तिकीट टाकलं, उत्तर आलं: ब्राउझरचा कॅशे क्लिअर करून पाहा.

त्यात आमचा आयपी स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत. आधीच्या कुणीतरी त्यावरून बेसुमार कचरा धाडला होता. फ्लॅट आपण घ्यावा आणि मेंटेनन्सची थकबाकी जुन्या मालकाची निघावी, तसं. ते निस्तरून नाव वगळायचा अर्ज भरला. त्यात 'पुन्हा असे होणार नाही' अशी हमी द्यायची होती. दिली. ज्याने केलं तो कुठे आहे देव जाणे.

अखेर पाणीकपातीची नोटीस सकाळी सगळ्यांना धाडली. पलीकडच्या काही सर्व्हरांचं ग्रेलिस्टिंग आडवं आलं: 451, ओळख नाही, थोड्या वेळाने या. पोस्टफिक्स चिवट, 5 दिवस दार ठोठावत राहतं. पण पाणी 11 वाजता जायचं होतं.

सेक्रेटरी काका खूश होते. "उत्तम काम झालंय. आता एक कर, मेल मिळाला का म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना विचार. आणि नोटीसही तिथेच टाकून दे."