दुसऱ्याच्या कथेला 'वेगळा दृष्टिकोन' कसा द्यावा

लेखक व्हायची हौस आहे, पण कथानक सुचत नाही? काळजी नको. कथानक आपल्यालाच सुचलं पाहिजे असं कुणी सांगितलं? ते कुणाला तरी आधीच सुचलेलं असतं. आपण त्याला फक्त 'वेगळा दृष्टिकोन' द्यायचा. मी नुकतीच अशा एका दृष्टिकोनाची लाभार्थी झाले आहे, त्यामुळे ही विद्या मला तपशीलवार ठाऊक आहे. लिहून घ्या.

आधी कथा निवडा. फॅनफिक्शन, म्हणजे आधीच्या गाजलेल्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा, असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग मन खात नाही. "तिने तरी कुठे स्वतःचं लिहिलंय? व्यासांचंच घेतलंय की!" हे वाक्य पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतं.

मूळ लेखिकेला विचारू नका. विचारलं तर ती उत्तर देते.

उदाहरण माझंच घेऊ. महाभारताच्या विराटपर्वात द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीकडे काम मागायला जाते. केशरचना करते, उटणी वाटते, माळा गुंफते असं सांगते आणि वर अटी घालते: उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही. राणी कबूल होते. हे वाचताना मला नेहमी प्रश्न पडायचा की त्याआधी राणीचे केस कोण विंचरत होतं? तिचं पुढे काय झालं? आणि नवीन बाई पाय धुणार नाही म्हटल्यावर ते कुणाच्या गळ्यात पडलं? त्या जुन्या दासीला मी रेवा हे नाव दिलं आणि तिची गोष्ट लिहिली. हातातली फणी गेलेली, वाट्याला तांब्या आणि घंगाळ आलेलं, सैरंध्रीबद्दल मनात राग, आणि राणीच्या भावाची, कीचकाची, नजर सगळ्यात आधी ओळखणारीही तीच, कारण ती नजर पूर्वी तिच्यावरूनही फिरून गेलेली. व्यासांकडे रेवा नाही. अठरा पर्वं चाळा, सापडली तर मला कळवा.

तर तुमच्यासारख्याच एका होतकरू लेखकाने ही कथा 'कीचकाच्या नजरेतून' लिहिली. वर प्रस्तावना: 'महाभारतातील रेवा या दुर्लक्षित व्यक्तिरेखेला न्याय देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.' धन्य! माझ्या पोरीला एका झटक्यात महाभारतकालीन करून टाकलं. आता लोक मलाच समजावतात की मूळ महाभारतातली रेवा जरा वेगळी आहे, तुम्ही नीट वाचा.

पुढची पायरी, सर्वनामं. 'ती' दिसेल तिथे 'मी' घाला. क्रियापदं राहिली तर राहू द्या. 'मी पडद्याआड उभी होतो' हे वाक्य मी माझ्या डोळ्यांनी वाचलेलं आहे.

संवाद जसेच्या तसे उचला. टंकलेखनाच्या चुकांसकट उचललेत तर अस्सलपणा येतो.

आता महत्त्वाचं. कोणत्या पात्राला काय ठाऊक असतं, ते कुठल्या दालनात होतं, त्याच्या कानावर काय पडलं असेल, असल्या क्षुल्लक गोष्टींत अडकू नका. रेवा अंतःपुरात असते म्हणून ती राणीचं बोलणं ऐकते. कीचक तिथे नसतो, पण त्यानेही ते शब्दशः ऐकावं. सुदेष्णा सुरा आणायच्या निमित्ताने सैरंध्रीला भावाच्या घरी पाठवते, तेव्हा रेवाला दारातून तिचे थरथरणारे हात दिसतात. कीचक आपल्या घरी वाट बघत बसलेला, तरी ते थरथरणारे हात त्यालाही त्याच दारातून दिसावेत. मग नर्तनशाळा. रात्रीचा अंधार, सैरंध्रीच्या जागी भीम, आणि भीम त्याचे हातपाय, डोकं सगळं धडात कोंबून मांसाचा गोळा करतो. आमचा निवेदक कीचक हे प्रथमपुरुषी सांगतो. गोळा झाल्यावरही सांगत राहतो! एकशे पाच उपकीचक सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला नेतात, भीम झाड उपटून त्यांना लोळवतो, हे सगळं गोळ्याने सविस्तर वर्णिलं आहे. शेवटी गोळ्याला रेवाची आठवणही येते.

आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर त्याची बाजू मांडायला. त्याचं म्हणे खरं प्रेम होतं. भर सभेत, विराटराजाच्या डोळ्यांदेखत, बाईला लाथ मारतो तो माणूस! त्या लाथेचं काय केलं माहितीये? गाळली. अख्खा प्रसंगच नाही. अहो, कीचकाच्या डोक्यात शिरायचंय ना, मग त्या लाथेत शिरा! राणीचा भाऊ, राज्याचा सेनापती, राजा समोर बसून गप्प राहतो, आणि ह्याला ठाऊक असतं की तो गप्पच राहणार. कसं ठाऊक असतं? असा माणूस रात्री शांत झोपतो का? सकाळी स्वतःला काय सांगतो? हे लिहिलं असतं तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या, माझी कथा त्यापुढे फिकी पडली असती तरी. पण त्याला धाडस लागतं. विचार करावा लागतो. तुम्हाला हवा असतो एक बिचारा, गैरसमज झालेला, देखणा कीचक. आणि रेवा? माझ्या कथेत सैरंध्रीला सावध करणारी रेवा तुमच्याकडे कीचकाचे निरोप पोचवते. आनंदाने!

"पण पुनर्लेखन ही तर आपली परंपराच आहे." हो, आहे. मलाच सांगताय? संस्कृत नाटककार भासाने 'पंचरात्र'मध्ये ह्याच विराटपर्वाचा शेवट असा फिरवला की दुर्योधन शब्द पाळतो, पांडवांना अर्धं राज्य देतो आणि युद्धाची गरजच उरत नाही. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकांना कीचकात ब्रिटिश व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला. ते सरकारच्या इतकं वर्मी लागलं की १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. ह्या दोघांनी जुनं घेतलं आणि स्वतःचं काही तरी त्यात ओतलं. तुम्ही काय ओतलंत? 'उभी होतो'?

इंग्रजीत फॅनफिक्शन लिहिणाऱ्यांमध्ये रीमिक्स नावाचा रीतसर उपक्रमच असतो. लेखक आपणहून नाव नोंदवतात, एकमेकांच्या कथा नव्याने, दुसऱ्या पात्राकडून लिहितात, आणि मूळ कथा कुणाची, कुठे वाचायची, हे वरच लिहिलेलं असतं. बरेच जण तर आधीच सांगून ठेवतात की माझ्या कथांवर खुशाल लिहा, फक्त दुवा द्या. कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडे मात्र 'साभार' लिहिलं की हिशेब मिटला. कुणाचे आभार, तेवढं विचारायचं नाही.

मी विचारलं. तर उत्तर आलं, "ताई, तुमचीच प्रसिद्धी होतेय ना, एवढं काय मनावर घेता?"

प्रसिद्धी? माझं नाव कुठेय त्यात? महाभारत सगळ्यांचं आहे, घ्या, लिहा, हवं तेवढं फिरवा. सैरंध्री माझी नाही, कीचक तर मुळीच नाही. रेवा माझी आहे. तिचं नाव, तिची फणी, तिच्या तोंडचं प्रत्येक वाक्य मी नोकरी, स्वयंपाक आणि घरातली दुखणी सांभाळून, रात्री जागून लिहिलंय. तुला तिच्यावर लिहायचं होतं तर एक ओळीचा निरोप टाकायचा होतास. मी हो म्हटलं असतं, वर कुठला अध्याय वाच तेही सांगितलं असतं. ते तुला जमलं नाही, कारण तुला तिच्यावर लिहायचंच नव्हतं, आयतं हवं होतं. आता निमूटपणे वर माझं नाव घाल, मूळ कथेचा दुवा दे, आणि ती प्रस्तावना काढ. ते होत नसेल तर कथा उतरव. आणि पुढच्या वेळी कीचक लिहिशील तेव्हा आधी विराटपर्व उघडून बस. त्यात ती लाथ आहे.