सहा मेगापिक्सेल पुरतात हो
लेखात जुने डिजिटल कॅमेरे ‘निव्वळ हौसेपुरते’ म्हटलेत, ते काही पटलं नाही. माझ्याकडे २००६ सालचा निकॉन डी४० आहे, ६ मेगापिक्सेलचा. ए४ प्रिंट आजही झकास येते. खरी गंमत त्याच्या १/५०० सेकंदाच्या फ्लॅश सिंकमध्ये, म्हणजे फ्लॅश वापरताना चालणाऱ्या सर्वांत जलद शटरवेगात. भर दुपारी उन्हाकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा फ्लॅशने उजळतो आणि मागचं आभाळही पांढरंफटक पडत नाही. बॉडीत लेन्सचा फोकस आपोआप जुळवणारी मोटर नाही, त्यामुळे जुनी ५० एमएम लेन्स हातानेच फिरवायची. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) फोकस जुळल्याचा खालचा हिरवा ठिपका स्थिरावला की दाबा बटण. पोरं पळत असतील तर मात्र विसरा! जुना कॅमेरा घेताना मेमरी कार्डाचं तेवढं बघा, त्या काळातले काही छोटे कॅमेरे २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत.